डोहावर हसणारा माणूस

२० नोव्हेंबर ८३

द. आज हसला. घरात नव्हे, नदीवर.

मी ओटीवर बसून मजकूर उरकत होते. डिंकाचे लाडू, रविवार पुरवणीसाठी, नेहमीचे आठशे शब्द. खालून बांधाच्या बाजूने हसू ऐकू आलं. पोटातून आलेलं, मागे ठसका लागेपर्यंतचं. वाटलं, गावातला नामा शेलार असेल. उठून पाहिलं तर द. गुडघाभर पाण्यात उभा, हातात पाणी मोजायची बांबूची काठी, आणि दंडाने डोळे पुसतोय.

लग्नाला तीस वर्षं होत आली. हा आवाज माझ्या ओळखीचा नाही.

२१ नोव्हें.

जेवताना विचारलं, "काल कशाला हसत होतात?"

"कुठे?"

"नदीवर."

"काही नाही. बाई काहीतरी म्हणाल्या."

मग आमटी मागितली. विषय संपला.

बाई म्हणजे सुनंदाबाई पाटील, इथल्या शाळेच्या हेडमास्तरीण. दिवाळीनंतर शाळेच्या पडवीत त्यांनी नदी मंडळ काढलं. आमची नदी लहानशी. डोंगरातून येते, पुढे पेज नदीला मिळते. पूर्वी मे महिन्यातही वाहायची म्हणतात. आता संक्रांतीलाच खडक उघडे पडतात. द.ने जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले, म्हणून त्याला बोलावलं. मेमध्ये निवृत्त झाल्यापासून रिकामाच होता. मीच म्हटलं होतं, जा. मीच.

माझी बाजू लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको. द.च्या वडिलांच्या या घरात एक वर्ष राहून बघायचं, एवढंच ठरलंय. पुढच्या पावसाच्या आत मुलुंड. तिथे अजय आणि सूनबाई आहेत, वाचनालय आहे, माझ्या मैत्रिणी आहेत. ठरवताना द.ने मान हलवली होती. त्याने मान हलवली की हो, असं मी इतकी वर्षं धरत आले.

२७ नोव्हें.

बांध पुरा झाला. दगड, ऐनाच्या फांद्या, पेंढा, मधे माती. घरटी एक माणूस कामाला. डबा द्यायला खाली गेले, तेव्हा सुनंदाबाईंना जवळून पाहिलं. ठेंगण्या, पदर खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. शाळेत शुद्ध बोलतात, नदीवर गावचं. द.वर ओरडल्या, "भाऊ, काटी सरळ धरा की. का सरकारी पगारावर वाकडी धरायची सवय हाय?"

आणि तो हसला. यावर? हीच थट्टा मी केली असती तर दोन दिवस अबोला.

डबा परत आला. कोबीची भाजी जशीच्या तशी. "बाईंनी सुकटीची चटणी आणली होती," म्हणाला. वर, "झणझणीत होती."

८ डिसें.

शेजारची हिरूबाई ताक घेऊन आली. बसली. म्हणाली, "वैनी, तुमचं मालक ल्हानपनी काळडोहात बुडलं व्हतं, म्हाईत हाय ना?"

"माहीत आहे," म्हटलं.

"मुळाला धरून वर आलं म्हनं. चड्डी डोहातच रायली. करवंदीचा पाला गुंडाळून घरी आलं. परवा मंडलात सांगत व्हतं. आमी हसून हसून मेलो."

माहीत नव्हतं. काळडोह रोज बघते. गावाखालचा तो खोल डोह, ज्याचं पाणी म्हणे कोणत्याही उन्हाळ्यात आटत नाही, तीन वाड्यांची गुरं त्यावर जगतात. हा त्यात बुडाला होता, हे मला हिरूबाईकडून कळावं.

रात्री विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, "त्यात काय सांगायचं."

१९ डिसें.

डोंगरावर कोळशाच्या भट्ट्या लावणाऱ्याशी मंडळाचं भांडण. झाडं तोडतो, मग पावसात माती सुटते आणि सगळी काळडोहात येऊन बसते. सुनंदाबाई भट्टीपुढे जाऊन उभ्या राहिल्या म्हणे. "पेटव. मी हितंच हाय." त्यांच्या शेजारी कोण? द.

आमच्या चाळीतल्या नळाच्या भांडणात हाच माणूस आतून कडी लावून बसला होता.

माणूस गेला भट्टी गुंडाळून. आता ओघळीओघळींत दगड रचणार आहेत, माती अडवायला. द.च्या तळव्यांना फोड. मी तेल लावायला गेले तर म्हणाला, "असू दे. लावलं. बाईंच्या मालकांनी ग्रीस दिलं."

ग्रीस.

१४ जाने. ८४

संक्रांत. हळदीकुंकू केलं. सुनंदाबाई नवऱ्याला घेऊन आल्या. हळदीकुंकवाला नवऱ्याला घेऊन आलेली पहिलीच बाई पाहिली. मधू पाटील, कर्जत-मुरबाड एस्टीवर ड्रायव्हर. मोठा गडी, मोठं पोट. ओटीवर द.शेजारी बसले आणि दोघे हसायला लागले. म्हणजे यालाही द.ला हसवता येतं. "वहिनी, तुमच्या भाऊंनी आमच्या बाईला पार बिघडवलीय. घरात पन काटी घेऊन फिरते. पोळी मोजते."

संशय घ्यायला कुठे जागा नाही. असती तर सोपं झालं असतं. एक भांडण, एक रडणं, मुलुंड. इथे काय म्हणून भांडायचं? की माझा नवरा दुसरीकडे आनंदात असतो?

जाताना सुनंदाबाई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही पेपरात लिहिता. आमच्या नदीवर लिहा की चार ओळी."

"बघू," म्हटलं.

१६ जाने.

मजकूर मच्छरदाणीवर लिहिला. मच्छरदाणी कशी धुवावी, कशी रफू करावी. चांगला उतरला.

३ फेब्रु.

संपादकांचा निरोप: तिथे गावकरी नदी सुधारतात असं कळलं, त्यावर एक येऊ द्या. त्यांना कुणी कळवलं? द. नाही. त्याला पेपरचा पत्ताही माहीत नसेल.

चिंचेवर लिहिलं.

१२ फेब्रु.

मंडळाने ठरवलं, काळडोहाचा गाळ काढायचा. पूर्वी हत्ती बुडेल एवढा होता, आता माणूसभरही नाही. गाळ शेतात, डोह खोल. सगळ्यांचा फायदा. द. रात्री जेवताना आपण होऊन बोलला. मी भाकरी थापत होते, हात थांबला. म्हणाला, "मधे मातीचा वरंबा घालायचा. पाणी एका अंगाला वळवायचं, दुसरं अंग उपसायचं. मग उलट."

"कुणाची कल्पना?"

"माझी." मग, "बाईंना आवडली."

शेवटचे दोन शब्द बोलला नसता तर.

२० फेब्रु.

चार दिवस डोहाचा नकाशा काढतोय. म्हाताऱ्यांना विचारून जुनी खोली धरली. तळापर्यंत जायचं म्हणतो, मी बुडालो तेव्हा होता तेवढा करायचा. (बुडालो, असं माझ्यासमोर पहिल्यांदा म्हणाला. चुकून.) आज पुरा झाला. माझ्यापुढे धरला. शाई अजून ओली होती.

सुंदर होता. पाण्याच्या रेघा इतक्या बारीक काढल्या होत्या की

म्हटलं, "अक्षर चांगलं आलंय."

गुंडाळला आणि शाळेत घेऊन गेला. तिथे भिंतीवर लावलाय. हिरूबाई म्हणाली, बाईंनी पोरांना रांगेने दाखवला.

४ मार्च

खोदाई. माणसं, टोपल्या, बैलगाड्या. वरचा काळा गाळ निघाला, त्याखाली निळसर चिकणमाती लागली, लोण्यासारखी. बायका खूश. चुलीला, पोतेऱ्याला घेऊन गेल्या. उरलेली शेतांत. द.ची काठी खाली खाली जातेय. नामा म्हणतो, "भाऊ, पातालात जाताव काय?" द. म्हणतो, "अजून हातभर."

११ मार्च

खाली गेले. मुद्दाम. चांगली इस्त्रीची साडी नेसून, का ते मला माहीत आहे. काठावरून पाय घसरला आणि बुडावर बसले, चिखलात. सगळे हसले. द.ही. हात द्यायला आधी कोण आलं? सुनंदाबाई. "वहिनी, आता भिजलाच हायत तर या खाली."

नाही गेले. घरी येऊन साडी भिजत घातली. डाग निघत नाहीत.

१७ मार्च

होळी. वरंबा फोडला. पाणी दोन्ही अंगांना पसरलं आणि काळडोह एकदम खोल, निळा दिसायला लागला. पोरं उड्या मारत होती. द. काठावर उभा. लोक येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होते. मी लांबून पाहिलं. त्याची मान ताठ होती, कचेरीतल्यासारखी पुढे आलेली नव्हती.

पुरणपोळी दोन खाल्ल्या. मग म्हणाला, "यंदा पावसाळ्यात इथेच राहिलो तर?"

आलं. येणार हे माहीत होतं.

"ठरलंय ते ठरलंय," म्हटलं.

मान हलवली.

२ एप्रिल

पाडवा. गुढीला साखरेची माळ बांधत होते तेव्हा द. नदीवरून लवकर आला. काठी ओली, पण थोडीच. "पाणी उतरतंय," म्हणाला.

"ऊन वाढलंय ना."

"हो. ऊन असेल."

९ एप्रिल

ऊन नाही. रोज वीतभर जातंय. वरचा बांध तसाच भरलेला आहे, फक्त डोह उतरतोय. नामाने भोवताली चर खणून पाहिला, पाणी कुठे बाहेर येतंय का. कुठेच नाही. खालीच जातंय.

१४ एप्रिल

काळडोह आटला. मधे चिखलाचा एक तुकडा, त्यात मासे तडफडत होते, पोरं आणि कावळे. मी गेले होते. सगळे काठावर उभे. तळाला नुसता मुरूम, त्यात भेगा.

आधी नामा बोलला. हळूच. "आपन डोहाचा तलच काडला रं."

दुसरा कुणी, "ती निली माती."

मग सगळे एकदम. "चिखलनी कशाला करतो आपन भाताला? पानी रावावं म्हनूनच ना?" "म्हाईत व्हतं की रं." "कुनाला म्हाईत नव्हतं?" भाताचा शेतकरी, जन्मभर रेडे फिरवून वाफ्यात चिखल करतो, की माती घट्ट बसावी आणि पाणी खाली जाऊ नये. त्याच माणसांनी डोहाची बसलेली माती टोपल्यांनी उपसली आणि चुलीला लावली. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणालाच आठवलं नाही. द.चं तर लहानपण वाफ्यात गेलेलं.

द.ने काठी तिथेच टाकली.

१८ एप्रिल

बायका पेजवर पाण्याला जातात. गुरंही तिकडेच. जाता-येता आमच्या घराकडे बघत नाहीत. हिरूबाईचं ताक बंद. आज कुणीतरी रस्त्यावरून मोठ्याने म्हणालं, "मुंबैचं कागूद आनलं नि डोह पिऊन गेलं." द. ओटीवर होता. आत आला, कडी लावली.

शाळेतून नकाशा काढून आणला. माळ्यावर टाकला.

२२ एप्रिल

जेवता जेवता म्हणाला, "चल, मुलुंडला जाऊ. पावसाची वाट कशाला बघायची?"

हेच तर मला हवं होतं. नोव्हेंबरपासून.

"बरं," म्हटलं. रात्री झोप चांगली लागली. खोटं कशाला लिहू.

२८ एप्रिल

बांधाबांध. पितळी भांडी गोणपाटात. द. मदत करतो. सांगितलं ते करतो. सकाळी चहा, दुपारी जेवण, ओटी, पुन्हा चहा. सबंध दिवस माझ्यापाशी आहे. भाजी कशी झाली विचारलं तर "चांगली". आज मीठ घालायला विसरले होते. "चांगली."

टेंपोवाल्याला पाटलांकरवी सांगितलंय, जूनच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी मिळत नाही, लग्नसराई.

३ मे

सुनंदाबाई आल्या नाहीत. डोह आटल्यापासून एकदाही नाही. आधी दिवसाआड यायच्या, ओटीखाली उभ्या राहून हाका मारायच्या, तेव्हा मी आतून भांडी आपटायचे. आता संध्याकाळी कुत्रं भुंकलं की मी बघते, त्या आहेत का.

काय बाई आहे. माणसाला नदीत नेलं आणि तिथेच सोडलं.

५ मे

द.ला म्हटलं, "जरा नदीवर जाऊन या." मी म्हटलं. मी.

"कशाला?"

त्याची मान पुन्हा पुढे आलीय.

मी मुलुंडला कुणाला घेऊन चाललेय? हा माणूस मला आधीच मिळालेला आहे, तीस वर्षं. मला तो दुसरा हवा होता. जो खाली पाण्यात उभा होता.

८ मे

गेले. भर उन्हात, त्यांच्या घरी. सुट्टी असल्यामुळे सुनंदाबाई घरातच होत्या, गहू निवडत होत्या. पाणी दिलं. बसा म्हणाल्या नाहीत, मी बसले.

"तुम्ही येत नाही," म्हटलं.

"कशी येऊ? मी आले की तुमचं तोंड बघवत नाही."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"वहिनी, मला दिसत नाय का? डबा देताना तुमी भाऊंना देत नव्हताव, मला दाखवत व्हताव." शाळेतली भाषा सुटली. "मी काय त्यांना खाते? माझा मानूस आठवड्याला चार राती मुक्कामाला. घरात बोलायला भिंती. नदीवर चार मानसं हसली तर मला बरं वाटतं. त्यात तुमचे मालक एक. आनखी काय?"

"त्यांनी घर सोडलंय... म्हणजे, घर सोडत नाहीत," म्हटलं. चुकत बोलले. "मी बोलावून उठत नाहीत."

"आन मी बोलावून उठतील?"

"हो."

गहू थांबले. बाईंनी चष्मा काढला, दोरा नीट केला. म्हणाल्या, गावातल्यांनी त्यांची बदली मागितलीय. मंडळाला आता पाच-सहा माणसं येतात. चिखलणी करून डोहाचा तळ पुन्हा बसवायचा विचार आहे, पण खोली कुणाला कळत नाही, माती किती हवी ते कळत नाही. आणि भाऊंना विचारायला कुणाचं तोंड होत नाही, सगळ्यांनी शिव्या दिल्यात.

"तुमी जाताय ना जूनमधे?"

"टेंपो ठरलाय."

"मग मी बोलावते. पन एक. तुमी वरून बघत बसायचं नाय. खाली यायचं."

९ मे

संध्याकाळी आल्या. नेहमीसारख्या, ओटीखालून. "भाऊ, काटी कुठं टाकलीव? रविवारी चिखलनी हाय. रेडे नामाचे. माती तुमी काढलीव, तुमीच भरायची. का पेन्शनीत बसत नाय?"

द. उठला. लगेच. पायात चपला घालेपर्यंत बाईंशी बोलायला लागला, माती किती लागेल, कुणाच्या शेतातली परत मिळेल. माळ्यावर चढला, नकाशा काढला, धूळ झटकली.

मी चार दिवस त्याला उठवत होते. तिला एक हाक पुरली. आणि तिला बोलावलं होतं मीच. दार लावून बराच वेळ तांदूळ निवडले. निवडलेलेच होते.

१६ मे

रविवारी चिखलणी झालीच नाही. माती परत मागणं हेच मोठं काम. नामाच्या बायकोने सपशेल नाही म्हटलं, "माजं शेत आता कुटं सुदरलंय." द. तिच्या बांधावर जाऊन बसला. माझा द. लोकांच्या बांधावर बसून माती मागतोय. तिने शेवटी दिली, "घेऊन जा, पन भाताला पानी नाय सोडलंव तर बगते." रस्त्यावरून टोमणा मारणारा तोही आला, गाडी घेऊन. द.शी बोलला नाही, पण गाडी रिकामी करून पुन्हा भरून आणली.

पाणी पेजवरून, पिंपांतून. पाटलांनी कुणाचा तरी टेंपो आणला.

२० मे

चिखलणी.

माती पसरली, पाणी ओतलं, आणि नामाचे रेडे आत घातले. एक रेडा दोन फेऱ्या मारून जो बसला तो उठेना. नामा शेपूट पिळतोय, पोरं ओरडतायत, रेडा डोळे मिटून. नामा म्हणाला, "निवृत झाला." मग ठरलं, माणसांनीही तुडवायचं.

मी उतरले. जुनी साडी, वर खोचून. पहिल्यांदा किळस आली, मग नाही. माती थंड होती. एका बाजूला हिरूबाई, एका बाजूला सुनंदाबाई, हातात हात धरून रांगेने, पाय दाबत. हिरूबाई बोलत नव्हती. मग माझा तोल गेला तेव्हा घट्ट धरलं आणि म्हणाली, "वैनी, ताक ठेवलंय घरी. पोराला धाडते." एवढंच.

द. पलीकडच्या अंगाला होता, काठीने थर बघत. मधेच सुनंदाबाई माझा हात सोडून त्याच्याकडे गेल्या, काहीतरी बोलल्या, आणि तो हसला. ते हसू. वाकून, गुडघ्यावर हात ठेवून. मी तिथेच होते, त्याच चिखलात, आणि ते काय होतं ते मला ऐकू आलं नाही.

२१ मे

पाय दुखतात. द.चेही. त्याने माझ्याकडे तेलाची बाटली दिली आणि पाय पुढे केला. लावलं.

"काल काय म्हणाल्या बाई?"

"कधी?"

मी पाय खाली ठेवला.

३० मे

चिकणमाती बसतेय. भेगा पडू नयेत म्हणून रोज पाणी शिंपडतात, पाळी लावलीय. द. सकाळी जातो. टिकलं की नाही ते आत्ता कळायचं नाही. पाऊस भरेल, पूर जाईल, दसऱ्यानंतर बांध घालतील, मग उन्हाळा. पुढच्या चैत्रात पाणी राहिलं तर राहिलं. त्याआधी कुणी काही म्हणण्यात अर्थ नाही.

गोणपाटातली भांडी तशीच आहेत. स्वयंपाकाला दोन बाहेर काढली.

३ जून

पाटील एस्टी थांबवून आले, खाकी कपड्यांतच. "वहिनी, टेंपोवाला विचारतोय. शनिवारी आणू ना?"

द. ओटीवर होता. काठीला नवीन खुणा करत होता. हात थांबला, पण वर बघितलं नाही.

"उद्या सांगते," म्हटलं. "मजकूर जायचाय, त्यानंतर."

"मजकूर काय, सावकाश," पाटील म्हणाले. "गाडी मातुर दुसरीकडे जाईल."

४ जून

सोमवार. सकाळपासून लिहायला बसले. आभाळ भरून आलंय, उकडतंय. कागदावर ‘आमची नदी लहानशी’ एवढी एक ओळ लिहिली आणि थांबले. पेपरात लिहायला लागल्यापासून अठरा वर्षांत पहिल्या ओळीला इतकी अडले नव्हते.

द. चहा घेऊन आला. स्वतः केलेला. साखर जास्त. समोर बसला. मग म्हणाला, "कशावर लिहितेस?"

हा प्रश्न त्याने मला कधी विचारलेला नाही. मजकूर जायचा, छापून यायचा, रद्दीत जायचा.

म्हटलं, "सांगते. आधी तुम्ही सांगा. त्या दिवशी चिखलात बाई काय म्हणाल्या?"

"अगं, ते..." म्हणाला. "काही नाही. तो रेडा बसला होता ना. तर बाई म्हणाल्या, भाऊ, त्याला जरा तुमच्या त्या नकाशावर..." आणि तिथे त्याला हसू फुटलं. कप खाली ठेवला. पुन्हा सुरुवात केली, "म्हणाल्या, नकाशावर..." आणि पुन्हा. पुढे जाताच येईना. डोळ्यांतून पाणी, ठसका, गुडघ्यावर हात. इथे, ओटीवर, माझ्यासमोर.

पाटलांची एस्टी थोड्या वेळात येईल, त्यांना उत्तर द्यायचंय. मजकूर अर्धाही नाही. मी पेन धरून बसलेय, आणि तो अजून सांगतोय.